पाखरांच्या वतीने

थंडीच्या दिवसांत अंगात ऊब टिकवायची तर पाखरांच्या पोटात चरबी जावी लागते, हे ज्ञान मीटरकाकांना निवृत्तीनंतर बऱ्याच उशिरा झाले. उभी नोकरी त्यांनी लोकांच्या दारामागचे, जिन्याखालचे आणि अडगळीच्या खोलीतले विजेचे मीटर वाचण्यात घालवली होती. त्या काळात त्यांची कुत्र्यांशी ओळख झाली, कारण कुत्री चावत. पाखरांशी संबंध येण्याचे कारणच नव्हते. पाखरे मीटर बसवत नाहीत.

संबंध आला तो काकूंमुळे. पानगळीच्या सुमारास काकूंना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरांनी तपासून सांगितले की गळा ठीक आहे, जीभ ठीक आहे, शब्दही आत शाबूत असावेत. फक्त बाहेर यायला त्यांना काहीतरी निमित्त लागेल. संसारात काकूंच्या शब्दांना निमित्त कधी लागले नव्हते, त्यामुळे मीटरकाकांना ते शोधण्याची सवय नव्हती. त्यांनी रेडिओ लावला. मेहुणीला बोलावून घेतले. दूध मुद्दाम उतू जाऊ दिले. शेवटी ओला टॉवेल नेऊन पलंगावर टाकला आणि वाट पाहत उभे राहिले. काकूंनी टॉवेलाकडे पाहिले, काकांकडे पाहिले आणि नजर भिंतीकडे वळवली. त्या दिवशी काका खरे घाबरले.

आणि मग एका गारठलेल्या सकाळी मागच्या अंगणाच्या खिडकीत, पिवळ्या छातीचे एक टिचभर पाखरू येऊन बसले. काकू खुर्चीत होत्या. स्वयंपाकघरात काकांच्या कानावर एकच शब्द आला, "आली."

काकांनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तिथल्या तिथे ते रडले. डोळे पुसून बाहेर येऊन त्यांनी "कोण आली गं?" असे विचारले तोवर ती गेली होती, आणि काकू पुन्हा गप्प होत्या.

दुसऱ्याच दिवशी काकांनी वाचनालयातून पाखरांवरचे पुस्तक आणले आणि खाटकाकडून चरबी आणली. मंद आचेवर ती वितळवली. तिच्यात बाजरी, सूर्यफुलाच्या बिया आणि भरडलेले शेंगदाणे घातले. कान तुटलेला एक कप घेऊन त्यात पाखराला पाय टेकायला काडी उभी केली, मिश्रण ओतले आणि थिजल्यावर तो कप अंगणातल्या बोडक्या झाडाला उलटा टांगला. पुस्तकात या पदार्थाला काही भारदस्त नाव होते. काका त्याला गोळा म्हणत.

गोळा लागू पडला. पिवळी आली, तिच्या मागून चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, आणि एकेका पाखराबरोबर काकूंचा एकेक शब्द परत आला. आधी "पळाली." मग "भांडतात मेल्या." आठवड्याभरात तर अख्खे वाक्य आले. साळुंक्यांच्या गर्दीत एका लंगड्या चिमणीची डाळ शिजत नव्हती, तिच्याकडे बोट दाखवून काकू म्हणाल्या, "अहो, त्या लंगडीला काही मिळत नाही." काकांनी त्याच दुपारी खालच्या फांदीला दुसरा कप बांधला. लग्न झाल्यापासून बायकोचा हुकूम त्यांनी इतक्या आनंदाने कधी पाळला नव्हता.

इथवर सगळे सरळ होते. पण वितळणाऱ्या चरबीला वास असतो आणि कॉलनीला नाक असते.

वासाची तक्रार घेऊन सेक्रेटरी आले. हे गृहस्थ कॉलनीचे सेक्रेटरी होते आणि त्याखेरीज दुसरे काही नव्हते, त्यामुळे ते काम त्यांना पूर्णवेळ करता येई. मफलर नाकावर धरून ते मागच्या अंगणात गेले, झाडाखाली बराच वेळ उभे राहिले आणि परत आले तेव्हा वासाचा विषय त्यांच्या मनातून गेला होता.

"काका, तुमच्याकडे पाखरं फार येतात हो."

"येतात खरी," काका कौतुकाने म्हणाले.

"म्हणजे बाकीच्यांकडे कमी येत असणार."

या बाजूने काकांनी विचार केला नव्हता. सेक्रेटरींनी तो पूर्वीच करून ठेवला होता. आकाश सामाईक, आकाशातले पाखरू सामाईक. मग एकाच घराने त्याला चरबीची लालूच दाखवून आपल्याकडे ओढून घ्यायचे हे कोणत्या न्यायात बसते, असे त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, खेद होता. काकांनी काकूंच्या आजाराचे सांगितले. सेक्रेटरींना वाईट वाटले आणि त्यांनी तसे सांगितलेही. पण आजारी माणसे इतरांकडेही आहेत, आणि उद्या प्रत्येकाने आपापल्या आजारासाठी पाखरे वळवली तर कॉलनीत राहायचे कोणी, असे त्यांचे म्हणणे पडले.

रविवारी सभा झाली आणि 'शीतकालीन पक्षी पोषण अभियान' एकमताने मंजूर झाले. प्रत्येक घराने मागच्या अंगणात गोळा टांगायचा. कल्पना मीटरकाकांची म्हणून निमंत्रकाचा मान त्यांच्याकडे आला. निमंत्रकाने सभेपूर्वी खुर्च्या मांडायच्या आणि सभेनंतर उचलायच्या असतात, हे त्यांना सभेनंतर कळले. तरी काका मनातून खूश होते. सगळ्यांनी गोळे टांगले तर पाखरे वाढतील, पाखरे वाढली तर काकू अधिक बोलतील, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अभियानाच्या पहिल्याच आठवड्यात कुणी शिळा पाव टांगला, कुणी उरलेला भात पिशवीत भरून टांगला आणि एका घरातून तर औषधी गोळ्यांची पुरचुंडी टांगली गेली, कारण निरोप पोचवणाऱ्याने नुसतेच "गोळा टांगा" असे सांगितले होते. तेव्हा पुढच्या सभेत प्राचार्य उभे राहिले. ते एका महाविद्यालयातून निवृत्त झाले होते, पण अध्यक्षस्थानावरून निवृत्त झाले नव्हते. दर्जाचे काय, असा प्रश्न त्यांनी टाकला. गोळ्याचा दर्जा ठरायला हवा, तो तपासला जायला हवा आणि तपासणारी एक समिती हवी. यावर कुणाचे दुमत नव्हते. अडचण एकच निघाली. गोळा चांगला की वाईट हे सांगणार कोण?

"पाखरं सांगतील ना," मीटरकाका म्हणाले. "आवडला तर खातील, नाही आवडला तर जातील."

सभेने त्यांच्याकडे दयाबुद्धीने पाहिले. पाखरांचे मत ग्राह्य धरायचे तर ते सहीनिशी हवे. शिवाय ज्याच्यासाठी योजना असते त्याला योजनेबद्दल विचारण्याची पद्धत कुठेच नाही, हे सेक्रेटरींनी अनुभवाने सांगितले. तेव्हा पाखरांच्या वतीने गोळा चाखण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. प्राचार्य, सेक्रेटरी आणि कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या आहारतज्ज्ञ बाई.

समितीने पहिला गोळा मीटरकाकांचाच चाखला. सेक्रेटरी नळाकडे धावले. आहारतज्ज्ञ बाईंनी रुमालाचा उपयोग केला. प्राचार्यांनी मात्र पदाची प्रतिष्ठा राखून तो घास गिळला आणि डोळे मिटले.

"मीटरकाका," डोळे उघडून ते म्हणाले, "हे तुम्ही मुक्या जिवांना घालता?"

"अहो सर, चरबी आणि बाजरी आहे. त्यांना आवडतं."

"जे आपल्या घशाखाली उतरत नाही, ते दुसऱ्याच्या ताटात वाढायचं? ही कोणती भूतदया?"

या वाक्याला टाळ्या पडल्या. वाक्य चुकीचे आहे हे मीटरकाकांना कळत होते, पण ते कुठे चुकले आहे ते सापडत नव्हते. असली वाक्ये बोलण्याचीच प्राचार्यांना आयुष्यभर सवय होती.

चरबी गेली, तिच्या जागी लोणी आले. बाजरी घशात टोचते म्हणून काजूचा भरडा आला. नुसते लोणी मिळमिळीत लागते म्हणून मध आला, मध फार गोड होतो म्हणून चिमूटभर मीठ आले. आहारतज्ज्ञ बाईंनी मधातल्या साखरेला हरकत घेऊन खजूर सुचवला आणि कडेने भाजलेले बदाम लावले तर पाखरांच्या मनावरचा ताण उतरेल असे मत दिले. प्राचार्यांनी किंचित दालचिनीचा आग्रह धरला. का, ते त्यांनी सांगितले नाही. पण त्या वेळी त्यांचा चेहरा इतका हळवा झाला होता की कुणी विचारले नाही. प्रमाणित गोळा तयार झाला. बाकी सारे गोळे अप्रमाणित ठरले.

मीटरकाकांनी प्रमाणित गोळा टांगला. चिमण्या आल्या, मिठाला चोच लावली आणि उडाल्या. साळुंक्यांनी बदाम उचकटून खाली टाकले. लंगडीने एकदाच खिडकीकडे पाहिले असे काकांना वाटले. पिवळी त्या दिवशी फिरकलीच नाही. मग काकांनी पहाटेच उठून जुन्या पद्धतीचा एक चरबीचा गोळा गुपचूप वरच्या फांदीला बांधला. दुपारी सेक्रेटरी शिडी घेऊन आले आणि तो काढून घेऊन गेले. कॉलनीतल्या एका पाखराला एक आणि दुसऱ्याला दुसरे, असा भेदभाव अभियानात चालणार नव्हता.

समितीचे काम वाढत गेले. आधी आठवड्याला एकदा चव पाहिली जाई. मग आठवड्यात दर्जा घसरू शकतो म्हणून रोज पाहिली जाऊ लागली. पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी शंका काढली की घरात चाखलेला गोळा आणि झाडाला लटकलेला गोळा एकच आहे याची खात्री काय. तेव्हा गोळा जागेवर, म्हणजे पाखरे ज्या ठिकाणी खातात तिथेच चाखायचा असे ठरले. मीटरकाकांच्या हाताला चव होती, त्यामुळे समितीचा वेळ त्यांच्याच अंगणात अधिक जाई. चांगली तपासणी एका चमच्यात होत नाही. सकाळी नऊपर्यंत कप चाटूनपुसून लख्ख झालेले असत.

महिन्याच्या सभेत सेक्रेटरींनी अहवाल वाचला. टांगलेले सर्व गोळे संपले होते. पक्ष्यांचा प्रतिसाद शंभर टक्के होता.

मीटरकाका उभे राहिले. त्यांना सभेत बोलण्याची सवय नव्हती, खुर्ची घट्ट धरून ते बोलले. कॉलनीत आता एकही पाखरू येत नाही असे त्यांनी सांगितले. काकू पुन्हा गप्प झाल्या आहेत, आता खिडकीकडेही पाहत नाहीत, खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसतात असेही सांगितले. "एक फांदी द्या मला," ते म्हणाले. "एकच. त्याला अप्रमाणित म्हणा, काहीही म्हणा. मला चरबी आणि बाजरी टांगू द्या. ती बोलायला लागली होती हो."

आपण कठोर नाही याची प्रत्येकाने मनाशी खात्री करून घेतली. मग सेक्रेटरींनी अतिशय मृदू आवाजात विचारले, "काका, पाखरं येत नाहीत म्हणता. मग गोळे कोण खातं?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण त्या सभेत कुणाचा घसा खवखवला नाही. प्राचार्यांच्या मिशीला बदामाचा एक कण लागला होता तो त्यांनी जिभेने आत घेतला आणि ते म्हणाले, "अर्थातच पाखरं." आहारतज्ज्ञ बाईंनी मान डोलावली. मीटरकाका खाली बसले. त्यांना उद्या याच लोकांत राहायचे होते. काकूंना लवकर वाचा यावी अशी सदिच्छा व्यक्त करणारा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला आणि काकांनी खुर्च्या उचलल्या.

त्यानंतरच्या सकाळी थंडी अशी होती की नळातून पाणी यायला तयार नव्हते. काकांनी काकूंची खुर्ची उन्हासाठी खिडकीशी लावली. काकूंनी ती वळवायला सांगितली नाही, सांगणार कशाने? काका चहा करायला आत गेले. तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून समिती आत शिरली.

प्राचार्यांना गुडघ्यांमुळे वरची फांदी गाठता येत नव्हती, म्हणून ते खालच्या कपाशी वाकले. कानटोपी, लांब कोट, हात मागे बांधलेले आणि मान पुढे. सेक्रेटरींनी त्याच कपाकडे झेप घेतली. प्राचार्यांनी खांद्याने त्यांना ढकलले. आहारतज्ज्ञ बाई दोन पावले लांब, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, मधला घास कधी पडतो याची वाट पाहत राहिल्या. तो पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि चटकन उचलला.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांच्या थापा पडल्या आणि काकूंचा आवाज साऱ्या अंगणात घुमला, "हुर्रऽऽ! हुश्श! एकट्यानेच खातोय मेला टोपीवाला!"

समिती उडाली. प्राचार्य कुंपणाच्या ज्या फटीतून गेले तिच्यातून एरवी मांजर जायला विचार करी.

मीटरकाका हातात गाळणी घेऊन धावत आले. काकू हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या आणि बोलत होत्या. "अहो, बघितलंत का तुम्ही? ती बारकी बाई कशी गपकन उचलते! आणि तो मफलरवाला नुसताच भांडतो, त्याच्या पदरात काही पडत नाही." काका तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी काकूंच्या गुडघ्यावर डोके टेकले आणि "अजून बोल, अजून बोल," एवढेच म्हणत राहिले.

जनाची नाही तरी मनाची म्हणून समिती दोन दिवस आली नाही. ते दोन दिवस काकूंनी खिडकीत बसून वाट पाहिली आणि दुसऱ्या संध्याकाळी त्या पुन्हा गप्प झाल्या. तेव्हा मीटरकाकांनी काय करायचे ते ठरवले. त्यांनी लोणी वाढवले. काजू आधी खमंग परतून घेतले. दालचिनी मोकळ्या हाताने घातली आणि गोळे कोमट असतानाच, वाऱ्याची दिशा बघून झाडाला टांगले. कुठल्या पाखराला काय आवडते याचा त्यांचा अभ्यास एव्हाना पक्का झाला होता.

तिसऱ्या सकाळी समिती परतली. सुरुवातीला फाटकापाशी घुटमळली, मग एकेक पाऊल आत आली. काकांनी पडद्याआडून श्वास रोखून पाहिले. कुणी बिचकू नये म्हणून त्यांनी चहाचा कपसुद्धा खाली ठेवताना आवाज केला नाही. काकू हळूच म्हणाल्या, "आला बरं का टोपीवाला."

आता हे रोजचेच झाले आहे. अभियान यशस्वी ठरले म्हणून शेजारच्या वस्त्यांनीही ते उचलले आहे आणि तिथल्या समित्या पाहणीसाठी इथे येतात. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक थोराड साहेब आला होता, तो तर फांदीसकट घेऊन गेला. काकू खिडकीत बसून एकेकाला ओळखतात, कोण कळपाने येतो, कोण पिल्लांसाठी खिशात भरून नेतो हे काकांना सांगतात. डॉक्टर म्हणतात, सुधारणा विलक्षण आहे. कधी एखाद्या रिकाम्या दुपारी काकांना पिवळ्या छातीच्या त्या टिचभर जिवाची आठवण येते. चरबी आणून एक कप करावा असे मनात येते. पण काकू बोलत असतात, आणि ते ऐकत बसतात.

परवा काकूंनी त्यांना खुणेने जवळ बोलावले. "हळू या. आज एक नवीनच दिसलाय मला."

काकांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. "कुठे? कपापाशी तर नेहमीचेच दिसतात."

"कपापाशी नाही हो, कुंपणाच्या पलीकडे. मगाचपासून एका जागी उभा आहे. हातात कसलेसे छापील कागद धरलेत, मान खाली, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू."

"गोळा खातो का?"

"छे. गोळ्याला शिवत नाही, आणि कुणासाठी दाणाही टाकत नाही. टोपीवाला घसरला की मात्र खुलतो. माझी वाचा गेली होती तेव्हाही तिथेच उभा होता, पुढे काय होतंय ते बघत."

काकांना काळजी वाटली. "मग बिचारा जगतो कशावर?"

"दुसऱ्याच्या फजितीवर," काकू म्हणाल्या. "शेवटचा कण संपेपर्यंत हलत नाही तो. बघा, आत्ता कुठे मान वर केली."